कबूल केलेली पोरगी

मी मार्था. माहेर हिवरखेडचं, लगन होऊन बडनेऱ्याले आली, तवापासून पोरींच्या होस्टेलात सयपाक करून राहिली. माही माय रविवारी चर्चात जाये आन अडलं-नडलं की देवासंग नवस बोले, हे दे मंग ते देतो. बाप्तिस्मा झाला पन जीभ जुनीच राह्यली. तेच जीभ मले आली, काय सांगू तुमाले ताई.

मले एकच पोट्टी, कृपा. सहा वर्षांची होती तवा ताप भरला तो उतरेच ना, अकोल्याच्या दवाखान्यात आठ दिवस झाले, तिचे बाबा व्हरांड्यात नुसते उभे, आन एका दुपारी पाह्यते त पोट्टीचे हातपाय गार, अंगाले दरदरून घाम. मले वाटलं, गेली माही लेक. मी पलंगाचा दांडा धरला आन म्हनलं, प्रभू, वाचव हिले, मी हिचं लगन करनार नाई, तुह्याच सेवेले देईन. मांगून नर्सबाई आली, म्हनली, अवं बाई, रडतं काहून, ताप त सकाळीच उतरून राहिला होता, म्हून त घाम आला. ऐकलं तुमी? सकाळीच. मी बोलाच्या आधीच त्यानं देल्लं होतं.

आमच्या चर्चात रविवारी साक्ष देतात, म्हंजे देवानं काय केलं ते उभं राहून सांगाचं. मी उभी राह्यली आन ते सकाळचं गिळून टाकलं. नवस बोलला आन ताप उतरला, असं सांगतलं. सगळे हालेलुया म्हनले, बुढ्या रडल्या, आन खरं सांगतो, मले लय गोड लागलं ते. तवापासून पोट्टी माही राह्यलीच नाई. कोनाच्या लगनात तिले हळद लावे नाई कोनी, म्हनत, हे देवाची हाये.

आता कृपा अकोल्याले नर्स हाये. मोर्शीकडचा एक चांगला पोरगा, आपल्याच मंडळीतला, त्यानं इचारलं, त इनं नाई म्हनलं. काहून वं, म्हनलं. त म्हनते, आई, तू कबूल केलं ना, मी मोडलं त तुले काई होईन. मोकळी करू त चर्चात खोटं बोलली हे सांगा लागते, नाई सांगू त पोट्टी जल्मभर तशीच. होस्टेलात पोया लाटता लाटता हेच, घरी हेच.

मंग एका रविवारी चर्चात पाळकसाहेबांनी बायबलातली इफ्ताहाची गोष्ट वाचली. त्यानं देवाले शब्द देल्ला, लढाई जिंकून दे, मंग माह्या घराच्या दारातून जे पयले येईन ते तुले, आन दारातून त्याचीच लेक आली नाचत. साहेब म्हनले, देवानं मागतलं होतं काय त्याले? माही मान वर होये ना.

मागच्या बुधवारी फोनवर कृपाले सगळं सांगून टाकलं. त म्हनली, आई, मंग इतके वर्स मी काय फेडून राहिली होती?



येत्या रविवारी चर्चात उभी राहीन, ते सकाळचं सांगीन. यावेळेस हालेलुया कोनी म्हननार नाई. तो पोरगा थांबला असन का नाई, मालूम नाई. पोट्टीसाठी मी आताबी मागतो, रोज मागतो, पन बदल्यात काईच बोलत नाई. तुमचे लेकरं सुखी राहो ताई, आन त्यायच्यासाठी कोनाले शब्द देऊ नोका.