एका फोनमागे एक मूल

शिक्षण कार्यालयातली रांग. माझ्या पुढे शिवणकाम करणारी एक बाई, गळ्यात अजून टेप तसाच, हाताला धरलेली एक मुलगी. खिडकीत कारकून.

"आमची शाळा का बंद करताय, साहेब?"

"वीस मुलं लागतात, ताई. एकोणीसच भरली."

"वीस आहेत! नावं घेऊन सांगते."

"साथीच्या वर्षाची ऑनलाइन हजेरी धरलीय. एका फोनमागे एक मूल."

"माझ्या दोघी एकाच फोनवर शिकल्या. मांडीला मांडी लावून."

"मग एकच लागली."

"धाकटी काय हवेत होती? बाईंनी विचारलं की आधी तीच उत्तर द्यायची!"

"ते यंत्राला कसं कळणार?"

"तुम्हाला तर कळतंय ना? ही बघा, समोर उभी आहे."

"वरून आदेश आहे. माझ्या हातात काही नाही."

"साथीत शाळेला कुलूप तुम्हीच लावलंत, आणि वर मुलं आली नाहीत म्हणता? चोर तो चोर, वर शिरजोर!"

"आवाज चढवू नका. उलट आता पसंतीची शाळा मिळेल. हा अर्ज घ्या, तीन शाळा लिहा."

"पहिली आमचीच लिहिते."

"ती यादीत नाही. नदीपलीकडच्या लिहा."

"तासभर चालत जायचं पोरींनी? ...द्या इकडे. दोघींची नावं इथंच लिहू?"

"छे, छे! दोन मुली, दोन अर्ज."