द्राक्षाच्या मळ्याचं आवतन

द्राक्षाच्या मळ्याचं कौतुक माझ्यापुढं सांगू नका. निजामाचं राज्य जाऊन चार-दोन वर्षं झाली होती. मानवतच्या एका कापूसवाल्या शेटनं गावाबाहेर द्राक्षं लावली आणि आसपासच्या गावांना आवतन धाडलं, मळा बघायला या म्हणून. माझ्या बापानं उभ्या जन्मात द्राक्ष चाखलं नव्हतं. म्हातारा हट्टानं गाडीत बसला.

मांडवाखाली शिरताना शेट म्हणाला, "डोळे भरून बघा. फकत हात लावू नका."

बाप वर बघत चालला. खाली गळून पडलेला एक मणी त्यानं मातीतून उचलला, धोतराला पुसला आणि तोंडाजवळ नेला. तेवढ्यात शेट मागून बोलला, "ओ म्हातारबा, ठेवा तिथंच. एकानं उचललं की समदेच उचलतेत."

बापानं मणी होता तिथं ठेवला. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "शेट, गळालेलं हाय ते. पाखरंच खातील."

"मग तुमी कोण? पाहुणे का पाखरं?"

मी पुढं सरकलो, पण बाप आधी बोलला. आवाज चढवला नाही. "शेट, आमच्या जवारीत पाहुणा शिरला, की राखणदार गोफण खाली ठेवतो. तुमी आवतन देऊन बोलावलं आन् गोफण घेऊन उभे राहिलात."

शेट वरमला. त्यानं गड्याला घड तोडायला सांगितला. तोवर बाप गाडीत बसला होता. "हाण बैलं," म्हणाला.

बाप द्राक्ष न चाखता गेला. मीही तसाच जाणार.