पाटी जुनी, माल नवा

वहिनी : आपल्या प्रोग्रॅममधली जुनी लायब्ररी काढली कोणी, ते आधी सांगा, भाऊजी.

दीर : काढली कुठे? जुनी-नवी दोन्ही चालू आहेत. बघ ना स्क्रीनवर.

वहिनी : बघितलं. नाव जुनं, उघडलं तर आत नवीच. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला?

दीर : अगं, दोन सांभाळायच्या म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा. एका म्यानात दोन तलवारी राहतात का?

वहिनी : तलवारी कसल्या? नवा जिना पुरा होईस्तोवर जुना कोणी पाडत नाही. त्या हॉस्पिटलचे सगळे विभाग औषधाचा डोस आपल्या या एका लायब्ररीकडून, हिशेबाच्या या तयार कोडकडून, काढून घेतात. बाकीचे नवीवर गेले, बालविभाग राहिलाय. नवी वजन ग्रॅममध्ये मागते, ते अजून किलोत पाठवतात. तीन किलोचं बाळ तिला तीन ग्रॅमचं वाटतं.

दीर : मला वाटलं, ती आपोआप ओळखेल.

वहिनी : वाटलं तुम्हाला. विचारायला काय झालं होतं? सकाळपासून तिथे लेबलावर डोस शून्य छापून येतोय. शून्य दिसला म्हणून सिस्टर थबकल्या तरी. उलटं होऊन हजारपट आला असता, तर कुठे तोंड लपवलं असतं आपण?

दीर : कोणाला काही झालं नाही ना?

वहिनी : नाही. सगळं हाताने काढत बसल्यात बिचाऱ्या. त्यांनी तुम्हाला आधीच विचारलं होतं, आमचं जुनं राहील ना म्हणून. काय सांगितलंत?

दीर : राहील म्हणालो.

वहिनी : पुढचं सांगा.

दीर : वहिनींनी स्वतः तपासलंय, असं म्हणालो. तुझं नाव घेतलं की ते लोक निर्धास्त होतात गं.

वहिनी : म्हणजे मी तिकडे आजारी आईच्या उशाशी, आणि इथे माझ्या नावाने ग्वाही. इतकी वर्षं संसार केला, पण तुमच्या भावानेसुद्धा मला न विचारता माझा शब्द कोणाला दिला नाही. संताप होतो नुसता.

दीर : चुकलं माझं. सरक, जुनी परत मीच लावतो.

वहिनी : लावा. दोन्ही शेजारीशेजारी, आपापल्या नावाने. बालविभाग स्वतः म्हणेपर्यंत हात लावायचा नाही.

(थोड्या वेळाने. फोन स्पीकरवर आहे.)

दीर : सिस्टर, जुनी परत लावलीय. एक लेबल काढून बघता?

सिस्टर : हं, आला डोस. मी हाताने काढला त्याच्याशी जुळतोय. पण आता वापरा असं कोण म्हणतंय, तुम्ही की ताई?

दीर : ताईंनीही तपासलंय.

सिस्टर : हे तुम्ही मागेही म्हणाला होतात. फोन ताईंना द्या.