धर्माची आवस

धक्क्यावर तरीची वाट बघणाऱ्या रुक्मिणीच्या पाठीमागे, इगर्जीतून, म्हणजे चर्चमधून, आपला तान्हा मुलगा घेऊन परतलेला बस्त्याव म्हाताऱ्या शेवंती सुईणीसमोर बसून तडतडत होता. रुक्मिणीने मान वळवली नाही, पण कान तिकडेच लागले. बस्त्यावला मुलाची धर्माची आई म्हणून शेवंतीच हवी होती.

"पाद्री म्हणता, बाप्तिस्म्याक धर्माची आवस हिंदू चलाची नाय. मगे माका बाप्तिस्मोच नको!"

"काय बोलतस रे?"

"जन्मलंय तेव्हा मी मराक टेकलेलंय. पाद्री येवच्या आधी माझ्या डोक्यार बाप्तिस्म्याचा पाणी कोणी घातल्यान? तूच मां गो, आजये? तेव्हा चलला, आता चलना नाय?"

"तुझ्या आवशीन हात जोडल्यान, म्हणान माका म्हायत नसलेल्या देवाचा नाव मी घेतलंय. तुका तो म्हायत आसा, तरी झिलाक कोरडोच परत आणलंस? ऊठ! आदी मागे फिर!"