उंदीर केंगेशना भीत होते

मी, उल्कान इमांकुलोवा, वय ६१ वर्षे, व्यवसाय पडदे शिवणे, राहणार टोक्टोगुल रस्ता, बिश्केक, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती प्राध्यापक केंगेश इमांकुलोव हे विद्यापीठातील प्रयोगशाळेचे प्रमुख होते. अंगाला सूज आली की शरीराच्या प्रतिकारशक्तीमुळे वेदना कशी वाढते, याचा अभ्यास तेथे उंदरांवर चालतो. पती गेल्या पानगळीत हृदयविकाराने वारले. चाळिसाव्या दिवशी रिवाजाप्रमाणे मी त्यांचे सर्व कपडे वाटून टाकले. एक राखाडी, बिनबाह्यांचा स्वेटर मात्र ठेवला. तो मी स्वतः विणलेला आहे. न धुता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचे तोंड बांधून तो कपाटात ठेवला होता. पिशवीत का, असे जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले. धूळ बसू नये म्हणून.

कुंदुझ एसेनालिएवा, वय अंदाजे तीस, ही पतींच्या हाताखाली संशोधन करीत असे. आम्हांला मूलबाळ नाही. ती पूर्वीपासून आमच्याकडे जेवायला येई. पती वारल्यानंतरही सरांची पुस्तके न्यायची आहेत असे सांगून ती येत राहिली. एकदा तिने विचारले, "वहिनी, सरांचं अंगावरचं काही उरलंय का?" मी नाही म्हणाले. ते खोटे होते. पुढच्या खेपेस मी चहा टाकत असताना ती आतल्या खोलीत हात धुवायला गेली. त्यानंतर मी कपाट उघडले तेव्हा पिशवी जागेवर नव्हती.

मी कपाट दर शुक्रवारी उघडते. का उघडते, असे विचारण्यात आले. ते जबाबात घेऊ नये, असे मी म्हणाले.

मी ही गोष्ट माझी नणंद राकिया हिला सांगितली. ती म्हणाली, "पुस्तकं न्यायला एवढे हेलपाटे कोण घालतं गं? तू म्हणजे ना, भोळी ती भोळीच! सगळ्या गावाला कळतं, बायकोलाच तेवढं शेवटी कळतं." मी तिला गप्प बस म्हणाले. पण मला रात्रभर झोप आली नाही.

आज शुक्रवार. गेलेल्या माणसाला वास पोचावा म्हणून आमच्यात तळतात तसे मी पतींच्या नावाने बोर्सोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळले आणि डबा भरून प्रयोगशाळेत गेले. दर शुक्रवारी नेतच असते. उंदरांच्या खोलीच्या दाराला काच आहे. आत कुंदुझ एकटी होती. पिंजऱ्यांसमोर एक खुर्ची मांडली होती आणि खुर्चीच्या पाठीला पतींचा स्वेटर चढवलेला होता. खुर्चीत कोणी माणूस बसला असावा तसा. कुंदुझ शेजारी खाली बसून उंदराच्या सुजलेल्या पायाला बारीक तार टोचत होती.

हे काय चालले आहे ते मला कळले नाही. मी आत जाऊन स्वेटर ओढला. तिने दुसरे टोक धरले आणि ओरडली, "वहिनी, हात नका लावू! तुमचा वास लागेल त्याला!"

मी तिच्या थोबाडीत मारली. डबा खाली पडला. पोलिसांना फोन मीच केला.

येथे ठाण्यात आल्यावर प्रयोगशाळेचे सध्याचे प्रमुख तालाय यांनी खुलासा केला. तो मला समजला तेवढा सांगते. पतींनी सूज आणि वेदना कमी करणारे एक औषध तयार केले होते. औषध दिलेल्या उंदरांना तार टोचली तरी ते पाय लवकर उचलत नसत. पती गेल्यावर प्रयोगशाळेतल्या मुलींनी तीच तपासणी केली, तर उंदीर लगेच पाय उचलू लागले. बाहेरच्या एका परीक्षकाने लेखी कळवले की, इमांकुलोव यांनी आकडे मनाने लिहिले असावेत. त्यांचे नाव त्या कामावरून काढून टाकण्याचे घाटत होते. हे मला कोणी सांगितले नव्हते.

मी कुंदुझला विचारले, "मग स्वेटर कशाला?"

ती म्हणाली, "पुरुषाच्या वासाला उंदीर घाबरतात, वहिनी. भीतीनं अंग बधिर झाल्यासारखं होतं, टोचलेलं फारसं जाणवत नाही. औषध दिलेले उंदीर सर स्वतः तपासायचे, औषध न दिलेले आम्हां मुलींकडे असायचे. आता औषध न देता नुसता स्वेटर ठेवला, तर पुन्हा सरांचेच आकडे आले. सर खोटं बोलले नव्हते."

"म्हणजे औषध चांगलं आहे?"

"नाही. औषधानं काहीच होत नव्हतं."

"म्हणजे उंदीर केंगेशना भीत होते?"

ती हो म्हणाली.

माझ्या पतींनी आयुष्यात कोणावर आवाज चढवला नाही. उंदराला हातात घेताना ते त्याच्याशी बोलत. पिंजऱ्यात हात घालण्याआधी तळवे चोळून गरम करीत. हे मी स्वतः पाहिले आहे. जबाबात याची गरज नाही असे साहेब म्हणाले. तरी लिहावे, अशी मी विनंती केली.

मी तालाय यांना विचारले, "कुठलाही पुरुष चालतो, तर तुमचा शर्ट का नाही टांगला?"

ते म्हणाले, "टांगला होता की. आधी माझाच टांगला. तेच आकडे आले. काम तिथंच संपलं होतं, वहिनी. स्वेटरचं मला आज कळतंय."

मी कुंदुझकडे पाहिले. ती खाली बघत होती. तिच्या गालावर माझी बोटे उठली होती. "मग हा कशाला नेलास गं?" असे मी विचारले. ती बाहीवरचा पिंजऱ्यातला भुसा वेचू लागली. मी पुन्हा विचारले नाही.

साहेबांनी स्वेटर टेबलावर ठेवून ओळखण्यास सांगितले. मी तो हुंगून पाहिला. त्याला उंदरांचा आणि लाकडाच्या भुशाचा वास येत होता, दुसरा कसला नाही. डाव्या काखेत माझा एक टाका चुकलेला आहे, त्यावरून ओळख पटवली. स्वेटर माझ्या पतींचाच आहे.

चोरीची तक्रार नोंदवायची का, असे मला विचारण्यात आले. चोरी झाली आहे. पण काय चोरीला गेले ते मला सांगता येत नाही, म्हणून तक्रार नोंदवू नये. मारल्याबद्दल आपली काही तक्रार नाही, असे कुंदुझ म्हणाली. आकडे खरे होते हे परीक्षकाला लेखी कळवावे, एवढे मी तालाय यांना सांगितले. औषध निरुपयोगी होते हेही त्याच पत्रात लिहावे लागेल, असे ते म्हणाले. मी लिहा म्हणाले.

स्वेटर परत नेता का, असे साहेबांनी दोनदा विचारले. आज नको, असे मी सांगितले. तो कुंदुझला द्यावा किंवा कसे, याबाबत मला काही म्हणायचे नाही.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. सर्व समजले का, असे साहेबांनी विचारले. समजले असे लिहू नये. मी सांगितले तसेच आहे आणि बरोबर आहे, एवढेच लिहावे, असे मी म्हणाले. त्याप्रमाणे लिहिले आहे. खाली सही करीत आहे.

उल्कान इमांकुलोवा