चांदण्यांनो, जागचं हलू नोका

माझा जन्म वैनगंगेच्या काठचा जी. आमचं ते गाव आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली हाय, तिथं मासे राहतात अन् आम्ही वर पुनर्वसनात. बाप डोंगा घेऊन मासे मारे, मीही तेच करतो, पण काय सांगू तुम्हाले, माझं खरं काम लुगडं नेसायचं. हसू नोका. मी दंडारीतला नाच्या. आमच्या दंडारीत, म्हणजे नाच-गाण्याच्या नाटकात, गडीमाणसंच बाया होऊन नाचतात, अन् मी कंबर हलवली का म्हातारे काठी टाकून टाळ्या वाजवत. माझी बायको यशोदा म्हणे, नवं लुगडं आणलं का आधी तुमच्या अंगावर, मंग माझ्या.

दिवाळी झाली का आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी-जावई येतात, अन् भरदुपारी मैदानात दंडार होते. पण इकडे काही सालांपासून मंडईत डान्स हंगामा येऊन राहिला, मोठमोठे भोंगे, रंगीत कपडे, अन् आमच्या ढोलकीपुढून पोट्टे उठून तिकडे पळत. मंडईच्या कमिटीचे अध्यक्ष डोमाजीभाऊ आमच्या बकारामबुवाले म्हणाले, बुवा, यंदा लोक शेवटपावतर बसले तं ठीक, नाही तं पुढच्या सालापासून दंडार बंद. बुवा आमचे म्होरके, त्यांनीच मले नाचाले शिकवलं. गाव बुडालं, देऊळ बुडालं, गावातून वर आली ते एक दंडारच, आता तेही जाते का काय.

अन् अशा वेळी बुवाले काय सुचावं? म्हणे, राजे-राक्षस बहुत झाले, यंदा त्या जुन्या काळच्या गणितवाल्या आचार्याची दंडार. आमच्यात रीत अशी का ज्याचं सोंग घ्यायचं त्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही तसं, म्हणून नुसतं आचार्य. मी म्हटलं, बुवा, लोक गणितापायी शाळेतून पळाले, अन् तुम्ही त्यायले मंडईत पकडून राहिले? अन् आचार्य कोण होईन? बुवा म्हणे, तू. तुझी कंबर आता कंबर राहिली नाही, दाढी लाव.

पण ऐकत गेलो जी, अन् त्या माणसाचा नादच लागला. ऐन तेविशीत ग्रंथ लिहिला, तोही सारा पद्यात, म्हणजे आपल्याच पंथाचा का नाही! गोल किती रुंद असला का त्याचा घेर किती, ते काढलं. ग्रहण म्हणजे राक्षस गिळत नाही, सावली पडते, म्हणाला. अन् म्हणाला, आभाळ फिरत नाही, धरतीच फिरून राहिली. लोकांनी येड्यात काढला त्याले, पण गडी हलला नाही. यशोदा म्हणे, वा रे आचार्य, घरात मीठ कुठी हाय ते ठाऊक नाही अन् धरती फिरवून राहिले.

मंडईचा दिवस आला. दाढी लावली, भगवी शाल घेतली, अन् बुवाची ढोलकी वाजली. काय सांगू, इतक्या सालांची सवय, ढोलकीवर थाप पडली अन् आचार्याची कंबर लचकली! मैदान हसून लोळलं. एक जण ओरडला, आचार्यबाई, लुगडं घरी राहिलं का? बुवानं डोळे असे वटारले का मी सारे बोल विसरलो. तेवढ्यात तिकडे हंगाम्याचे भोंगे सुरू. पोट्टे उठाले लागले. डोमाजीभाऊ पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून मान हलवून राहिले होते, का संपलं तुमचं.

मी माझ्याच मनाले म्हटलं, सुखराम, आता नाही तं कधीच नाही. तसाच कंबर हलवत गेलो डोमाजीभाऊकडे, अन् म्हटलं, अध्यक्षसाहेब, डोंग्यात बसता का? त्यायनं उत्तर द्याच्या आधी आमच्या चार नाच्यांनी लुगडी खोचली अन् खुर्चीसकट उचललं त्यायले! मी काठी घेऊन पुढे, वल्हवल्यासारखा. अन् लोकायले ओरडून सांगितलं, ऐका हो, तुम्ही साऱ्या आभाळातल्या चांदण्या, जागचं हलाल तं आभाळ पडन! उठलेले पोट्टे हसत हसत मटकन बसले. ढोलकी धरली बुवानं, खुर्ची गोल फिराले लागली. म्हटलं, भाऊ, काय दिसते? डोमाजीभाऊ खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणे, अरे, लोक मागे जाऊन राहिले! म्हटलं, चांदण्यांनो, तुम्ही हलल्या का? नाही, म्हणून मैदान गरजलं. मंग कोण फिरून राहिलं? अन् डोमाजीभाऊ घाबरून बोंबलले, मीच फिरून राहिलो रे बापा, धरतीच फिरून राहिली, उतरवा मले!

म्हटलं, हेच आचार्यानं सांगितलं. डोंग्यात बसलेल्याले काठ मागे जाताना दिसते, तसं हाय हे. आमचे सारे डोंगेवाले, जन्मभर काठ मागे जाताना पाहिलेले. एक म्हातारा उभा राहून म्हणे, खरं हाय, आपलं गावही असंच मागे गेलं होतं. मंग ज्या टाळ्या वाजल्या जी! हंगाम्याचे नाचणारे पोट्टे कामधाम सोडून आमच्या मागे येऊन उभे राहिले. बुवा ढोलकीवर डोकं ठेवून रडून राहिले होते, मी म्हटलं रडू नोका, ताल चुकते.

आता दर मंडईले आचार्याची दंडार ठरलेली. परवा आंधळगावहून बोलावणं आलं, वरठीचे कारखान्यातले लोक फटफटीवर पाहाले येतात. अन् डोमाजीभाऊ? ते आता घरूनच हाताची मजबूत खुर्ची आणतात, दुसऱ्या कोणाले बसू देत नाहीत. मी आजही सकाळी डोंगा काढतो, जुन्या गावावरून जातो, काठ मागे जाते, अन् हसू येते. धरती फिरत राहो जी, अन् तुमच्या घरच्या चांदण्या जागच्या जागी राहोत.