विहीणबाईंचं तोरण

दौंडच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या प्रांजलच्या कानावर शेजारचं बोलणं पडलं. इनामगावच्या वच्छलाबाई रंगीत शिंपल्यांचं तोरण पिशवीतून काढून एका अनोळखी बाईला दाखवत होत्या.

"तुम्ही रंगवलं व्हय?"

"याच हातानं. आखाडात लकवा मारला, तवा घासबी उचलत न्हवता."

"मग?"

"माझ्या सुनंनं नदीवरनं टोपलंभर शिंपले आणले. ब्रश माझ्या बोटांना फडक्यानं बांधला. म्हणली, आत्या, औंदा दिवाळीचं तोरण तुम्हीच करायचं."

"आन् जमलं?"

"कुठलं! पहिले धा-बारा नुसते बरबटले. मी रडाय लागले, तर म्हणली, हे मागल्या दाराला लावू. एकबी टाकला न्हाई तिनं."

"आता हात चालतो?"

"परवा भाकरी थापली की!"

"मग हे तोरण डॉक्टरांना?"

"त्यांना पेढे आणलेत. हे शिरूरला, विहीणबाईंच्या दाराला."

प्रांजलचा नंबर पुकारला, तरी ती उठली नाही.

"लग्नात मानपानावरनं मी त्यांना लई बोलले व्हते, बाई. त्यांनी लेक मातुर अशी दिली. आज आधी त्यांच्या पाया पडणार, मग माझ्या हातानं तोरण बांधणार."